'शापित जहाजा'विषयी कोल्हापुरातील गणेशोत्सव मंडळांस खुले पत्र

मा. पदाधिकारी, देखावा समितीचे सदस्य आणि संहितालेखक,
कोल्हापूर शहरातील सर्व गणेशोत्सव मंडळे,

सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी घरगुती गणपती-गौरींचे विसर्जन झाल्यावर मी माझ्या नातीला घेऊन देखावे पाहायला बाहेर पडलो. राजारामपुरीतले तांत्रिक देखावे आणि पेठांमधले सजीव देखावे पाहण्यासाठी जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यातून माणसे येतात, लहान मुले खांद्यावर बसून रात्री बारापर्यंत जागतात, आणि तिथे जे ऐकतात ते पुढे वर्षानुवर्षे खरे मानून चालतात. शाळेच्या पुस्तकापेक्षा तुमच्या निवेदनातले वाक्य मुलांच्या मनात जास्त काळ टिकते, हे मी माझ्या घरात पाहिले आहे. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

त्या रात्री एका मंडळाने 'शापित जहाज' या नावाचा देखावा सादर केला होता. मंडळाचे नाव मी घेणार नाही, कारण कार्यकर्त्यांची मेहनत खरी होती. मंडपाच्या उंचीचे लोखंडी जहाज, त्याची पाच धुराडी, खाली हलणारे पाणी आणि लाल दिव्यांच्या उजेडात वर जाणारा धूर, हे सगळे आपल्या मुलांनी महिनाभर खपून उभे केले होते. 'ग्रेट ईस्टर्न' या जगप्रसिद्ध जहाजाची ती कथा होती. जहाज पाण्यात उतरेना, उतरल्यावर स्फोट झाला, ज्याने बांधले तो मेला, कप्तान बुडाला, प्रत्येक मालकाचे दिवाळे निघाले, असे एकेक प्रसंग दाखवत शेवटी जहाजाच्या कुशीचा पत्रा बाजूला सरकला आणि आत दोन सापळे दिसले, एक मोठा आणि एक लहान. निवेदकाचा आवाज घुमला की, बांधकामाच्या वेळी रिबिट, म्हणजे पत्रे जोडणारी लोखंडी खीळ, मारणारा एक कामगार आणि त्याचा मदतनीस पोरगा दुहेरी पत्र्यांच्या मध्ये जिवंत बंद झाले होते, आणि त्यांच्या तळतळाटामुळेच हे जहाज कधी सुखाने तरले नाही.

घरी परतताना नात बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, "आजोबा, त्या मुलाने आतून वाजवलं असेल ना? मग कुणाला ऐकू कसं आलं नाही?"

मी साखर कारखान्याच्या बॉयलर हाऊसमध्ये छत्तीस वर्षे काढली आहेत. तिचा प्रश्न मला झोपू देईना, त्याला कारण आहे. एका वर्षी पट्टा पडल्यानंतर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, दुरुस्तीच्या दिवसांत आम्ही बॉयलरचा ड्रम आतून साफ करून मॅनहोलचे झाकण लावायच्या तयारीत होतो. आमच्याकडे रिवाज असा की, आत जाणाऱ्याने आपला पितळी बिल्ला बाहेरच्या फळीवर टांगायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. झाकणाचे बोल्ट हातात असताना माझे लक्ष फळीकडे गेले, तेव्हा एक बिल्ला अजून लटकत होता. मी ड्रमवर हातोडीने तीनदा ठोकले. क्षणभर काही नाही. मग आतून, लांबून आल्यासारखे, तीन ठोके परत आले. शिकाऊ उमेदवार म्हणून लागलेला अठरा वर्षांचा पोरगा ड्रमच्या टोकाला थंडाव्यात झोपी गेला होता. तो बाहेर आला तेव्हा हसत होता आणि आमच्यापैकी एकालाही हसू येत नव्हते. त्यामुळे बंद लोखंडात अडकलेल्या माणसाची गोष्ट मला कोणी ऐकवली, तर ती मी थट्टेवारी नेऊ शकत नाही. पण नेमक्या त्याच कारणाने ती खरी आहे की नाही, हे तपासल्याशिवाय मला राहवत नाही. करवीर नगर वाचन मंदिरात आणि इतरत्र, वाफेच्या यंत्रांविषयी आणि त्यांच्या अपघातांविषयी मिळेल ते मी पूर्वीपासून वाचत आलो आहे. या जहाजाविषयी जे ठामपणे सांगता येते, ते तुमच्यापुढे ठेवतो.

'ग्रेट ईस्टर्न'ची कल्पना इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याची, आणि बांधणी लंडनमध्ये थेम्स नदीकाठी मिलवॉल येथे जॉन स्कॉट रसेल यांच्या गोदीत झाली. काम १८५४ मध्ये सुरू झाले. जहाजाची लांबी ६९२ फूट होती, अठरा-एकोणीस एस.टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढी. चार हजार प्रवाशांची सोय, सहा डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना पाणी मागे ढकलणारी ५६ फूट व्यासाची चाके आणि मागे २४ फुटांचा पंखा. लांबीत त्याला मागे टाकणारे जहाज निघायला १८९९ साल उजाडावे लागले. एवढे मोठे जहाज हौसेखातर बांधले नव्हते. त्या काळी वाटेत कोळसा मिळण्याची खात्री नसे, म्हणून इंग्लंडहून पूर्वेकडे, थेट सिलोन आणि ऑस्ट्रेलियापर्यंत, स्वतःच्या पोटातल्या कोळशावर जाईल असे जहाज ब्रुनेल यांना हवे होते. नावातला 'ईस्टर्न' हा शब्द त्यासाठीच आहे.

या जहाजाला दुहेरी कवच होते. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा यांच्यात २ फूट १० इंचांची पोकळी, आणि ती केवळ तळाशी नाही तर पाण्याच्या रेषेच्या वरपर्यंत दोन्ही कुशींना. सुमारे तीस हजार पत्रे आणि तीस लाख रिबिटे लागली, आणि ही सगळी रिबिटे हाताने मारली गेली. एक पोरगा भट्टीतून लालभडक रिबिट काढून देणार, दुसरा ते भोकात घालणार, आतल्या बाजूने एक जण जड घणाने त्याला टेकू देणार आणि बाहेरून दोघे आळीपाळीने ठोकून त्याचे डोके बसवणार. टेकू देणारा माणूस आणि त्याच्या हाताखालचा पोरगा त्या पावणेतीन फुटांच्या फटीत, मेणबत्तीच्या उजेडात, दिवसभर त्या आवाजात. ज्याने कधी रिबिटकाम ऐकले आहे त्याला सांगायला नको की, आत बसलेल्याचे कान काही वर्षांत जातात. शिवाजी उद्यमनगरात जुन्या पिढीतले असे कारागीर मी पाहिले आहेत; त्यांच्याशी बोलायचे तर त्यांच्या तोंडासमोर उभे राहावे लागे.

सापळ्याची कथा या फटीत जन्मली आहे, आणि मला ती कोणी जन्माला घातली असेल हेही समजते. ती त्या कामगारांच्याच मनातली भीती आहे. पण ती घडलेली गोष्ट आहे असे म्हणायला आधार नाही. जहाज १८८९-९० मध्ये मर्सी नदीकाठी मोडले गेले. त्या कामाला सुमारे दीड वर्ष लागले. दोन सापळे सापडणे ही त्या काळच्या वृत्तपत्रांसाठी केवढी बातमी झाली असती, याचा विचार करा, कारण हे जहाज जन्मापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत बातम्यांतच होते. तरीही त्या वेळची विश्वासार्ह नोंद अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. कथा उभी आहे ती नंतर, कित्येक वर्षांनी सांगितलेल्या आठवणींवर. दुसरे असे की, ही पोकळी म्हणजे कायमची चिणलेली भिंत नव्हती. तिचे कप्पे पाडलेले होते, त्यांत उतरून तपासणी करता येत असे, आणि जहाज हलके झाल्यावर तोल राखण्यासाठी तळाच्या पोकळीत पाणीही घेता येत असे. तिसरा मुद्दा कामगाराच्या डोक्याने विचार केला तरच सुचतो. रिबिट टोळीने मारले जाते. टेकू देणारा आणि त्याचा पोरगा हे दोघेही एकदम गायब झाले तर बाहेरच्या दोघांना पुढचे रिबिट मारताच येणार नाही. त्यांची मजुरी तिथेच थांबेल, आणि मजुरी थांबली की टोळीवाला शोध घेतल्याशिवाय राहत नाही.

आता ठोक्यांविषयी, कारण नातीचा प्रश्न तोच होता. या जहाजात आतून ठोके ऐकू आल्याची हकीकत आहे. १८६२ मध्ये न्यूयॉर्कजवळ दुरुस्ती चालू असताना कामगारांनी ते ऐकले, मेलेला रिबिटवाला ठोकतो आहे असे ते म्हणू लागले आणि पुढे जायला तयार होईनात. शोध घेतल्यावर पाण्याखाली बाहेरच्या बाजूस एक लोखंडी आकडा सैल लटकत असल्याचे आढळले. जहाज हलले की तो पत्र्यावर आपटत असे. देखाव्यात ठोके होते, आकडा मात्र नव्हता.

जहाज पाण्यात उतरवण्याचा प्रसंग मी थोडक्यात सांगतो. ३ नोव्हेंबर १८५७ रोजी ते आडवे, कुशीवर सरकवून नदीत सोडण्याचा पहिला प्रयत्न झाला. ब्रुनेल यांना शांतता हवी होती आणि कंपनीने तिकिटे विकून हजारोंची गर्दी गोळा केली होती. जहाजाचे एक टोक अचानक हलले, साखळीच्या रहाटाचा दांडा उलटा फिरला आणि त्यावरचे मजूर फेकले गेले. त्यात जीवितहानीही झाली. बारा हजार टनांचे लोखंड लोखंडी रुळांवर केवढ्या घर्षणाने चिकटून राहते, याचा पूर्वानुभव जगात कोणाकडेही नव्हता. पुढे जवळजवळ तीन महिने पाण्याच्या दाबावर चालणारे जॅक लावून ते इंच इंच ढकलावे लागले आणि ३१ जानेवारी १८५८ रोजी ते तरंगले. त्यांतले काही जॅक बर्मिंगहॅमच्या टांगे बंधूंच्या छोट्या कारखान्याने पुरवले होते आणि त्या कामाने तो कारखाना नावारूपाला आला. अपशकुनी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या घटनेने एका वर्कशॉपचे नशीब उघडले, हे उद्यमनगरच्या गावात तरी सांगायला हवे होते.

स्फोटाच्या प्रसंगावर मी थोडा थांबणार आहे, कारण तो माझ्या कामाचा विषय आहे आणि देखाव्यात तो 'अचानक झालेला अगम्य स्फोट' म्हणून दाखवला होता. त्यात अगम्य काही नाही. पुढच्या धुराड्यांचा भाग प्रवाशांच्या दिवाणखान्यातून वर जात असे, म्हणून त्यांच्याभोवती पाण्याचे दुहेरी वेष्टन, म्हणजे जॅकेट, बसवले होते. त्यामुळे धुराड्याची धग दिवाणखान्यात पसरत नसे आणि बॉयलरला जाणारे पाणी वाया जाणाऱ्या उष्णतेवर आधीच तापत असे. साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे लगेच कळेल, कारण आपला इकॉनॉमायझर हेच काम करतो. या जॅकेटातून एक उभा नळ वर उघड्या हवेत नेलेला होता, म्हणजे आत वाफ धरली तर ती निघून जावी. पण जॅकेटची पाण्याच्या दाबाने चाचणी घेता यावी म्हणून त्या नळावर एक कॉक, म्हणजे हाताने बंद-उघडी करायची तोटी, लावला होता, आणि तो बंद राहिला.

९ सप्टेंबर १८५९ रोजी जहाज चाचणी प्रवासात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत हेस्टिंग्जच्या समोर होते. जॅकेटातल्या पाण्याची वाफ झाली, तिला वाट मिळाली नाही आणि जॅकेट फुटले. धुराडे उखडून वर फेकले गेले, दिवाणखान्याचा चक्काचूर झाला, आणि उकळते पाणी व वाफ खाली भट्टीखान्यात घुसून तेथील पाच कामगार भाजून मृत्युमुखी पडले. दुसऱ्या धुराड्याच्या जॅकेटवरचा कॉकही बंदच होता; तो वेळीच उघडला गेला म्हणून दुसरा स्फोट टळला. ज्या भांड्याला खालून आग आहे त्याला बंद न होणारी वाट हवी, किंवा दाब वाढताच आपोआप उघडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा, हा नियम आमच्या परीक्षेत पहिल्या पानावर असतो, आणि तो अशाच माणसांच्या मरणातून आलेला आहे. ते पाच जण शापाने मेले असे म्हटले की त्यांच्यासाठी कोणाला काही शिकायचे उरत नाही. मला याचे फार वाईट वाटते. भट्टीसमोर उभे राहिलेल्या माणसांच्या वतीने मी तुम्हाला कळकळीने सांगतो की, त्यांच्या मरणाला एक कारण होते आणि ते हाताने फिरवता येण्याजोगे होते.

ब्रुनेल यांचा मृत्यूही या साखळीत ओवला जातो. ते १५ सप्टेंबर १८५९ रोजी, स्फोटानंतर सहा दिवसांनी गेले, म्हणून कथेला जोर येतो. पण स्फोटाच्या आधीच, ५ सप्टेंबरला, जहाजावर असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला होता. ते कित्येक महिने आजारी होते आणि तरीही कामावर येत होते. कॅप्टन हॅरिसन जानेवारी १८६० मध्ये बुडाले हे खरे आहे, मात्र ते या जहाजातून बुडाले नाहीत. किनाऱ्याकडे जाताना त्यांची लहान होडी वादळी वाऱ्यात उलटली. सप्टेंबर १८६१ मध्ये अटलांटिकच्या तुफानात दोन्ही बाजूंची चाके मोडून गेली आणि सुकाणू निकामी झाले, तेव्हा हॅमिल्टन टाउल नावाच्या एका प्रवासी अभियंत्याने सुकाणूच्या खांबाला साखळ्या गुंडाळून जहाजाला पुन्हा दिशा दिली आणि सगळे जण आयर्लंडच्या किनाऱ्याला परत लागले. एवढी नाट्यमय आणि खरी गोष्ट हाताशी असताना सापळ्यांची गरज काय होती, असे मला त्या रात्री वाटले.

आता ज्या एका घटनेसाठी मी हे पत्र लिहायला बसलो, ती सांगतो. २७ ऑगस्ट १८६२ च्या पहाटे, न्यूयॉर्कजवळ माँटॉक पॉइंटच्या बाहेर, नकाशात नसलेल्या एका खडकावरून हे जहाज घासत गेले. जहाजावर आठशेच्या आसपास प्रवासी होते. थोडासा हादरा बसला, जहाज किंचित कलले, आणि ते स्वतःच्या वाफेवर न्यूयॉर्कला पोहोचले. तिथे पाणबुड्यांनी खाली उतरून पाहिले तेव्हा बाहेरच्या पत्र्याला ८३ फूट लांब आणि ९ फूट रुंद चीर पडलेली आढळली. नऊ फूट रुंद! तुमच्या मंडपाच्या प्रवेशद्वारातून ट्रॅक्टर आत जावा एवढे भगदाड, आणि तरीही एकही माणूस दगावला नाही. समुद्राचे पाणी बाहेरच्या पत्र्यातून आत आले आणि आतल्या पत्र्याशी थांबले. एवढ्या मोठ्या जहाजाला पुरेल अशी कोरडी गोदी जवळपास नसल्याने दुरुस्ती पाण्यातच, चिरेवर बाहेरून लाकडी पेटी बांधून करावी लागली. त्या खडकाला आज 'ग्रेट ईस्टर्न रॉक' म्हणतात. पन्नास वर्षांनी, १९१२ मध्ये, 'टायटॅनिक'ला दुहेरी तळ होता, पण कुशींना दुसरे कवच नव्हते; हिमनगाच्या घासण्याने कुशीच्या पत्र्यांचे सांधे उघडले आणि पंधराशेच्या आसपास माणसे गेली. 'टायटॅनिक'नंतर काही मोठ्या जहाजांच्या कुशींना आतून दुसरा पत्रा लावण्यात आला.

म्हणजे ज्या पोकळीत तुम्ही दोन सापळे ठेवले, त्याच पोकळीने आठशे माणसांचे प्राण वाचवले. ती पोकळी ज्या पोराने आत बसून, कान गमावून, रिबिटाला टेकू देत बंदिस्त केली, त्याचे काम पक्के होते म्हणून आतला पत्रा टिकला. त्याच्या नावावर तळतळाट लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग हे जहाज कमनशिबी का ठरले, असे तुम्ही विचाराल. त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. पूर्वेकडच्या लांबच्या प्रवासासाठी बांधलेले हे जहाज, पैसा संपल्यामुळे आणि पूर्वेची टपाल कंत्राटे दुसऱ्यांकडे गेल्यामुळे, अटलांटिकच्या जवळच्या मार्गावर घातले गेले. तिथे एवढ्या कोळशाची गरज नव्हती आणि एवढे प्रवासीही नव्हते. जून १८६० मधल्या पहिल्या न्यूयॉर्क फेरीत चार हजारांच्या जहाजात तिकीट काढलेले प्रवासी होते पस्तीस, आणि खलाशी व कर्मचारी चारशेहून अधिक. पुष्कळ बंदरांत ते मावत नसे. १८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला आणि पूर्वेची वाटच जवळ आली. त्या कालव्यातूनही एवढे जहाज जाण्यासारखे नव्हते. लाखो पौंडांचे जहाज १८६४ च्या लिलावात २५ हजार पौंडांना गेले. ऊस नसलेल्या मुलखात मोठा कारखाना उभारला तर तो तोट्यात जाईल, त्याला शाप लागत नाही.

आणि त्या लिलावानंतर त्याचे खरे काम सुरू झाले. समुद्राखालून टाकायची तारेची केबल इतकी लांब आणि जड असे की, अटलांटिक ओलांडण्याएवढी केबल एका खेपेत पोटात घेऊ शकेल असे दुसरे जहाज जगात नव्हते. १८६५ मध्ये बाराशे मैल केबल टाकल्यावर ती तुटून समुद्रात गेली. १८६६ मध्ये पुन्हा निघून २७ जुलै रोजी ती न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याला लावली गेली. इतकेच नव्हे, तर अडीच मैल खोल पाण्यात आकडे टाकून आदल्या वर्षीची हरवलेली केबलही वर काढली आणि सप्टेंबरमध्ये पूर्ण केली. काळ्याकुट्ट रात्री समुद्राच्या तळावरची अंगठ्याएवढ्या जाडीची तार हुडकून काढणाऱ्या जहाजाला कमनशिबी म्हणणे मला पटत नाही.

याहून जवळची गोष्ट आपल्या मुंबईची आहे, आणि देखाव्यात तिचा उल्लेखही नव्हता. १८७० च्या आरंभी 'ग्रेट ईस्टर्न' मुंबईला आले होते. आफ्रिकेला वळसा घालून, उन्हाची धग कमी लागावी म्हणून पांढरा रंग देऊन, केबलने भरलेले हे जहाज मुंबईच्या समुद्रात उभे राहिले आणि फेब्रुवारीत त्याने मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई आणि लंडन समुद्राखालच्या तारेने जोडले गेले. इराणचे आखात आणि तुर्कस्तान यांवरून जाणारी तार १८६५ पासून होती, पण तिच्यावरचा संदेश अनेक हातांतून, कित्येकदा अर्थ हरवून पोहोचत असे. पूर्वेसाठी बांधलेले जहाज पूर्वेला आले ते या कामासाठी. आपले छत्रपती राजाराम महाराज त्याच १८७० साली मुंबईहून इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स येथे ३० नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. अर्नो नदीकाठी त्यांचे स्मारक आहे. करवीरच्या माणसाने या जहाजाकडे पाहायचे तर त्या वर्षाच्या बाजूने पाहावे, असे मला वाटते. आणि आपल्या फुटबॉलवेड्या पेठांसाठी आणखी एक नोंद: जहाज मोडल्यावर त्याच्या डोलकाठीचा वरचा भाग लिव्हरपूलला गेला आणि तो आजही लिव्हरपूल फुटबॉल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानाशी ध्वजस्तंभ म्हणून उभा आहे.

आपल्याकडेही हीच खोड आहे, हे लिहिताना हात जड होतो. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. आषाढातील अमावास्येचा दिवस होता, आणि आजही ती घटना सांगताना लोक अमावास्येपासून सुरुवात करतात. ऐन पावसाळ्यातला खवळलेला समुद्र, सणासाठी गावी निघालेल्या प्रवाशांची गर्दी आणि लाटेबरोबर एका बाजूला झुकलेली बोट, हे सगळे मागे पडते. तिथी पुढच्या वर्षी पुन्हा येते आणि निघून जाते. गर्दीने भरलेली बोट पावसाळ्यात सोडायची की नाही, हे माणसाला ठरवावे लागते.

माझी विनंती मोठी नाही. जहाजाचा देखावा पुन्हा कोणी केला, आणि करावाच, तर त्याच्या नावातून 'शापित' हा शब्द काढावा. सापळ्यांची दंतकथा सांगायची असेल तर ती कामगारांमध्ये सांगितली जाणारी दंतकथा आहे असे निवेदनात स्पष्ट म्हणावे. आणि शेवटचा प्रसंग बदलावा. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा काचेसारख्या पारदर्शक फायबरचे करा, मध्ये हातभर पोकळी ठेवा. खडक येऊ द्या, बाहेरचा पत्रा फाटू द्या, निळे पाणी मोटारीने पोकळीत चढू द्या, आणि आतल्या पत्र्यापलीकडे दिवाणखान्यातले दिवे तसेच जळत राहू द्या, माणसे बसलेली दिसू द्या. आपल्या मुलांच्या हातात हे करण्याचे कसब आहे, मी पाहिले आहे.

संहितेच्या बैठकीला बोलावले तर मी येईन. माझ्याकडे एक जुना पितळी कॉक आहे, दोन इंची, अजून सहज फिरतो. हँडल नळाच्या रेषेत असले की उघडा, आडवे असले की बंद. तो मी नातीच्या हातात देऊन दाखवला आहे, आणि देखाव्यासाठी तुम्हालाही देईन. स्फोटाचा प्रसंग त्या कॉकपासून सुरू करावा, एवढेच माझे मागणे आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट,
कोल्हापूर